माहेरच्या चढावरचा लाल दिवा

डोंगरातल्या कोचकोर गावच्या बाजारात कल्दरबेकच्या टपरीवर पाटी होती : 'गाडीतला दिवा लागत नसेल तर लावून देऊ. विझत नसेल तर विझवून देऊ.' पाटीतला पहिला अर्धा भाग अजून खरा होता. दुसऱ्या अर्ध्या भागाची मात्र बर्फ वितळल्यापासून सगळ्या बाजारानं थट्टा मांडली होती, कारण कल्दरबेकच्या घरच्याच गाडीत एक लाल दिवा लागत होता आणि तो काही केल्या त्याला दाद देत नव्हता.

दिवा होता ब्रेकचा. लाल वर्तुळ आणि आत उद्गारचिन्ह, म्हणजे गाडी आपल्याला "अहो!" म्हणून हाक मारतेय असं वाटावं. गाडी तशी जुनी, जर्मनीतून कुठून कुठून फिरत आलेली, पण चालायला गुणी. कल्दरबेकचा मुलगा एलामान याच्या लग्नात ती सुनेबरोबर आली होती. विहीणबाई कुलीपा यांनी दिलेली. आणि इथेच सगळी गोम होती, कारण तो दिवा एरवी लागायचाच नाही. बाजाराला जा, नाही. दवाखान्यात जा, नाही. फक्त सुनेच्या माहेरी, वरच्या उच-बुलाक गावी जायला निघालं की नदीवरचा पूल ओलांडून पहिल्या चढाला लागताच तो लागायचा. गाडी वळवून घराकडे तोंड केलं की विझायचा.

"बघा," कल्दरबेकची बायको सादात म्हणाली होती. "मी नाही बोलत, गाडी बोलतेय. त्यांचीच गाडी त्यांच्याच घरी जाऊ नका म्हणतेय. आता त्या बाईच्या मनात काय असेल ते तुम्हीच ओळखा."

"अगं, गाडीला मन नसतं. वायर असते."

"मग करा की वायर नीट!"

मग कल्दरबेक गाडी वळवायचा. असं तीनदा झालं. तीनदा डिकीत कापलेलं मेंढरू, तीनदा पिठाच्या तळलेल्या बोरसोकांचं पोतं, तीनदा सादातचा डोक्याला बांधायचा नवा रुमाल, आणि तीनदा पहिल्याच वळणावरून घरी परत. मेंढरू दर वेळी घरच्यांनीच खाल्लं. कल्दरबेकचं पोट सुटलं ते त्याच दिवसांत.

हसण्यावारी न्यावं असं हे नव्हतं, कारण मागच्या सीटवर सून आयपेरी बसलेली असायची. लग्नाला वर्ष होत आलं, तरी पोरगी एकदाही माहेरी गेली नव्हती. पहिलं माहेरपण सासू-सासऱ्यांनी स्वतः नेऊन करायचं, तेही माहेरच्यांनी दिलेल्या गाडीतून. भाड्याच्या गाडीनं गेलं असतं तर कुलीपानं ते जन्मभर ऐकवलं असतं. नवरा रशियात, कुठल्याशा गोदामात कामाला. आयपेरी तोंडानं चकार शब्द काढायची नाही. पण गाडी वळली की ती मागच्या काचेतून वरच्या डोंगराकडे बघत राहायची आणि घरी आल्यावर आईसाठी बांधलेली जर्दाळूंची पुरचुंडी सोडून जर्दाळू परत बरणीत ओतायची. कल्दरबेकला लेक नव्हती. बरणीचा तो आवाज ऐकला की तो टेस्टर घेऊन पुन्हा गाडीत शिरायचा.

त्यानं प्रयत्न कमी केले नव्हते. ब्रेकच्या दिव्याचं गणित साधं असतं. एक वायर दोन ठिकाणी जाते. एक फाटा ब्रेक ऑइलच्या डबीतल्या तरंगत्या स्विचला, दुसरा हँडब्रेकखालच्या स्विचला. दोघांपैकी कुणीही ती वायर गाडीच्या पत्र्याला टेकवली की दिवा लागतो. चढावर दिवा लागतो म्हटल्यावर कल्दरबेक पहिल्या दिवशी चक्क हसला होता. ऑइल कमी आहे, चढावर मागे सरकतं, तरंगता स्विच खाली बसतो, झालं! त्यानं डबी उघडली. ऑइल काठोकाठ होतं. मग त्यानं तो स्विचच बदलला. दिवा लागला. मग स्विचची वायरच काढून टाकली. तरी दिवा लागला. मग हँडब्रेकचा स्विच टपरीत बसून इतक्या वेळा ओढला आणि सोडला की शेजारचा टायरवाला म्हणाला, "कल्दरबेक, गाडीला गुदगुल्या करतोस की काय?" ओढला की लागतो, सोडला की विझतो. अगदी आज्ञाधारक. टपरीची जमीन सपाट होती, हे त्याच्या डोक्यात तेव्हा आलं नाही. हुशार माणसाच्या डोक्यात सोप्या गोष्टीला जागा मिळायला वेळ लागतो.

सादातनं तिच्या बाजूनं आर्चाच्या सुवासिक झुडपाची फांदी पेटवून गाडीला धूर दिला, नजर उतरवायचा "आलास, आलास" हा मंत्र म्हणत चारी दारांतून फिरवला. टायरवाल्याला वाटलं गाडी पेटली. त्यानं बादलीभर पाणी आत ओतलं. दोन दिवस सीटा वाळत घातल्या होत्या, आणि दिव्याला त्याचं काही नव्हतं.

शेवटी कल्दरबेकनं लबाडी करायचं ठरवलं. बल्बच काढून टाकायचा. पण सादातनं संसार इलेक्ट्रिशियनबरोबर केला होता. गाडीत बसण्याआधीच ती म्हणाली, "हँडब्रेक ओढा."

"कशाला?"

"ओढला की दिवा लागायला हवा. नाही लागला तर तुम्ही बल्ब काढलाय. मी काय आज आले का तुमच्या घरात?"

कल्दरबेकनं मुकाट्यानं खिशातला बल्ब काढून परत बसवला.

चौथ्यांदा निघाले तेव्हा शरद लागला होता. आणखी थोड्या दिवसांत घाटात बर्फ पडणार आणि रस्ता वसंतापर्यंत बंद होणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. आयपेरीनं या खेपेला पुरचुंडी बांधलीच नाही. नुसते चार जर्दाळू खिशात टाकले. ते कल्दरबेकनं पाहिलं आणि काहीही झालं तरी आज पोरीला पोचवायचंच असं त्यानं मनाशी ठरवलं. कसं, ते काही ठरलं नव्हतं.

"माझं एवढंच म्हणणं आहे," सादात पुढच्या सीटवर बसत म्हणाली. "दिवा लागला नाही तर मी येते. कुलीपाच्या हातचा चहासुद्धा पिते. पण दिवा लागला, की गाडी वळवायची. शब्द?"

"शब्द," कल्दरबेक म्हणाला.

पूल गेला, चढ लागला, गाडीनं नाक वर केलं. "अहो!" दिवा लागला.

"वळवा," सादात म्हणाली. तिच्या आवाजात विजय होता, पण जरा घाईही होती.

कल्दरबेकनं शब्द पाळला. गाडी वळवली. नाक खाली झालं, दिवा विझला. मागच्या सीटवर आयपेरी काचेकडे वळून डोंगर बघायला लागली. ते कल्दरबेकला सहन झालं नाही. त्याचं डोकं फिरलं, असंच म्हणायला हवं. त्यानं रिव्हर्स गिअर टाकला, मान मागे वळवली आणि गाडी उलटी चढावर सोडली.

"अहो! अहो, हे काय करताय?"

"दिवा लागलाय का?"

सादातनं डॅशबोर्डकडे निरखून पाहिलं. वाकून पाहिलं. बोटानं काच पुसून पाहिलं. "नाही," तिनं कबूल केलं.

"तू म्हणालीस दिवा लागला तर वळवा. मी वळवली. आता लागलेला नाही. म्हणजे तू येतेयस."

"पण आपण मागे चाललोय!"

"मागे कुठे? उच-बुलाकला चाललोय. फक्त आपली तोंडं कोचकोरकडे आहेत."

मागून अगदी हलका, दाबलेला हसण्याचा आवाज आला. या गाडीत आयपेरी पहिल्यांदाच हसली होती. त्या आवाजानं कल्दरबेकच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. मान दुखत होती, पण थांबतोय कोण?

घाटात मेंढरांचा कळप आडवा आला. मेंढपाळ घोड्यावरून उतरला, गाडीच्या मागच्या काचेला वाकून सलाम केला, मग ड्रायव्हर पुढे आहे हे कळल्यावर धावत पुढे येऊन पुन्हा सलाम केला. पुढच्या वळणावर वाहतुकीचा पोलीस उभा होता. त्यानं शिट्टी मारली.

"काका, गाडी उलटी का चालवताय?"

"सरळ चालवली तर बायको खाली उतरते," कल्दरबेक म्हणाला.

पोलिसानं आत वाकून सादातकडे पाहिलं. सादातनं त्याच्याकडे पाहिलं. तो झटकन मागे सरकला. "जा," तो म्हणाला, "पण बेतानं. तुमची मान लचकेल." नियम काय म्हणतो हे त्याला आठवत नव्हतं, आणि त्या बाईसमोर आठवायची त्याची इच्छाही नव्हती.

आता सादातला नवीनच काळजी लागली. "अहो, त्यांच्या दारात आधी गाडीचं ढुंगण जाणार! विहीणबाई काय म्हणतील? मुद्दाम पाठ दाखवली म्हणतील."

"आई," आयपेरी मागून हळूच म्हणाली, "सून वडीलधाऱ्यांसमोरून निघते तेव्हा त्यांना पाठ दाखवत नाही ना? तोंड त्यांच्याकडे ठेवून मागं मागं जाते. ही गाडीही तुमची सूनच. माझ्याबरोबर आली. ती तुमच्या घराकडे तोंड करूनच निघालीय."

पदर सारखा करावा तसा सादातनं रुमाल सारखा केला. "वळण आहे हो गाडीला," ती म्हणाली. "एवढं मानलं पाहिजे."

तेवढ्यात रस्त्यात एक खोलगट उतार आला. उलट्या गाडीचा मागचा भाग खाली गेला, नाक वर झालं. "अहो!" दिवा लागला.

"लागला!" सादात ओरडली.

कल्दरबेकनं ब्रेक दाबला. दिव्याकडे पाहत तो तसाच बसून राहिला. मग त्यानं गाडी किंचित पुढे घेतली. नाक खाली, दिवा बंद. किंचित मागे. नाक वर, दिवा चालू. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. सादातचं डोकं मागेपुढे डुलत होतं.

"झोका देताय का मला?"

"सादात! या गाडीला सासर कळत नाही, माहेर कळत नाही. हिला फक्त चढ-उतार कळतो! काहीतरी घरंगळतंय. नाक वर झालं की मागे येतं आणि वायरीला टेकतं. माझी अक्कल काय चरायला गेली होती?"

त्यानं गाडी बाजूला घेतली, नाक वर राहील अशी, आणि दिवा लागलेला ठेवून चाकांना दगड लावले. मग स्क्रूड्रायव्हर काढून हँडब्रेकभोवतीचं झाकण उघडलं. आत अंधार, धूळ, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. आणि स्विचच्या वायरीची उघडी पट्टी आणि गाडीचा पत्रा यांच्या मधोमध एक गोल, सोनेरी वस्तू आरामात बसली होती. कल्दरबेकनं तिला बोटानं ढकललं. दिवा विझला. सोडलं, ती घरंगळून परत आली. दिवा लागला. त्यानं ती चिमटीत धरून बाहेर काढली आणि उजेडात धरली.

अक्रोडाची गोळी होती. धातूच्या सोनेरी वर्खात गुंडाळलेली.

कोचकोरमध्ये अशा गोळ्या मिळत नाहीत. त्या सादातनं मुलाच्या लग्नासाठी खास बिश्केकहून मागवल्या होत्या. नवरीची गाडी दारात आली तेव्हा परातभर उधळल्या होत्या, शकुनाच्या म्हणून, काचा उघड्या असताना. "कुलीपाच्या घरी असतात तसल्या साखरेच्या नाहीत, वर्खातल्या आहेत," असं त्या दिवशी तिनं निदान पन्नास जणांना ऐकवलं होतं.

सादात गोळीकडे बघत राहिली. कल्दरबेकनं तोंड उघडलं. एवढी संधी माणसाला जन्मात एकदाच मिळते, आणि ती उरलेला सगळा जन्म पुरते.

पण आयपेरी आधी बोलली. "बाबा, ती माझ्या मांडीवरून पडली असेल. मीच वेंधळी. उतरताना लक्ष दिलं नाही."

"तू मागं बसली होतीस," सादात म्हणाली. "ती मी टाकली. पुढच्या खिडकीतून. चांगली मूठभर, नेम धरून." मग ती एकदम म्हणाली, "आणि सांगून टाकते. दिवा लागला की मला बरं वाटायचं."

"बरं?" कल्दरबेक म्हणाला.

"हो, बरं! हिला तिकडे नेऊन सोडायची आणि ही परत नाही आली तर? काय ठेवलंय आमच्या घरात? नवरा परमुलखात. मी सारखी बडबडते. हे वायरी सोलत बसतात. मी हिच्या जागी असते तर परत आले नसते." आणि सादात, जिला बाजारातले मापात खोट करणारे कसाईसुद्धा घाबरत, ती रुमालाच्या टोकानं डोळे पुसायला लागली.

आयपेरीनं मागून हात पुढे केला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. "आई, गोठ्यातली लाल गाय पुढच्या महिन्यात व्यायची आहे. तिचं बाळंतपण मी सोडून बाकी कुणाला जमतं? बाबांना? ते तिला टेस्टर लावतील."

सादात रडता रडता हसली आणि हसण्याचा राग येऊन कल्दरबेकवर खेकसली, "बघत काय बसलात? झाकण लावा!"

शकुनाची गोळी टाकून देता येत नाही, म्हणून ती दुरुस्तीची मजुरी समजून कल्दरबेकच्या तोंडात घालण्यात आली. ती दगडासारखी झाली होती. गाव येईपर्यंत तो ती एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत होता आणि त्यामुळे त्याला काही बोलता येत नव्हतं. सादातनं ते हेरूनच केलं असावं. गाडी आता सरळ, नाक वर करून चढत होती आणि डॅशबोर्ड काळाभोर होता.

उच-बुलाकला कुलीपा दारातच होती. मेंढपाळानं घोड्यावरून आधी पोचून बातमी दिली होती की तुमचे व्याही उलटे येताहेत. तिनं उलट्या पाहुण्यांसाठी मन घट्ट केलं होतं, आणि आले तर सरळ. गोंधळून तिनं हातातली परात उचलली आणि मूठ भरली.

"काचा वर करा!" सादात किंचाळली. "सगळ्या! पटकन!"

काचा वर गेल्या. साखरेच्या गोळ्या गाडीच्या टपावर ताडताड वाजल्या.

"शकुनाला काचा लावता, विहीणबाई?" कुलीपाचा चेहरा उतरला.

सादात खाली उतरली, दार आपटून बंद केलं आणि परातीसमोर येऊन उभी राहिली. "गाडीवर नको," ती म्हणाली. "माझ्यावर टाका. हव्या तेवढ्या टाका." कुलीपानं टाकल्या. काही जरा जोरातच टाकल्या. तेवढा हक्क तिला होताच. तोवर आयपेरी मागच्या दारातून उतरून आईच्या गळ्यात पडली होती आणि परात जमिनीवर गेली होती. कल्दरबेक गाडीचं बॉनेट उघडून आत काहीतरी बघत उभा राहिला. बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. डोळे कोरडे व्हायला जरा आडोसा हवा होता, एवढंच.

मग मेंढरू शिजलं, घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस आलं, सादात शब्दाला जागून कुलीपाच्या हातचा मिठाचा चहा प्यायली, वर "मीठ जरा जास्त झालंय" असंही म्हणाली. कुलीपानं पाहुण्यांनी आणलेलं मेंढरू बरंच म्हातारं होतं असं सांगितलं. दोघींना एकमेकींबरोबर फार बरं वाटत असावं. ऊन कलायला लागलं तसा कल्दरबेक उठला. सुनेनं राहायचं, सासू-सासऱ्यांनी निघायचं, अशी रीत. तो गाडीत जाऊन बसला. बराच वेळ बसला. मग हॉर्न वाजवला. मग परत आत आला.

सादात भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती.

"चल की."

"तुम्ही जा. गायीला चारा घाला."

"आणि तू?"

"मी राहते."

"कुठे राहतेस? हे तिचं माहेरपण आहे!"

"म्हणूनच. ही येईल तेव्हा हिच्याबरोबर येईन."

कुलीपाच्या हातातला पेला वाटेतच थांबला. "लेकीच्या माहेरपणाला सासू? आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नाही असं. लोक काय म्हणतील, विहीणबाई?"

"म्हणू देत." सादात सतरंजीवरचे बोरसोकांचे कण एकेक वेचत होती. वर न बघता ती म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा एलामान रांगत होता. त्यानंतर मला कुणी 'दोन दिवस राहा' म्हटलं नाही. कुठं राहणार? घरच उरलं नाही." वेचलेले कण तिनं तळहातावर गोळा केले. "म्हटलं, हिच्यात जरा माझंही होऊन जाईल."

आयपेरी सासूच्या जवळ सरकून बसली. कुलीपा उठली, आतल्या खोलीत गेली. तिकडून पेटीचं झाकण उघडल्याचा आणि काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली ती दोन्ही हातांत एक जाड, नवी कोरी गादी घेऊन. लेकीच्या अंथरुणाशेजारी ती अंथरत तिनं सादातला ठणकावलं, "भिंतीकडेला झोपा. खिडकीतून वारा येतो. आणि दोन दिवस वगैरे काही चालायचं नाही, आल्यासारखं चांगलं आठ दिवस राहायचं."